फक्त आकडा कळव

प्रिय ढब्बू,

चोवीस वर्षांच्या, शहरभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडणाऱ्या माणसाला ढब्बू म्हणू नये, हे कळतं मला. पण हे पत्र लिहायला मला टबात बसून माझ्या तोंडावर पाणी उडवणारा ढब्बूच समोर हवा आहे. फोनवर तू थट्टा सुरू केली असतीस आणि मी विषय बदलला असता. विषय नाजूक जागेचा आहे, तेव्हा एकटा असताना वाच. लाजायचं काम माझ्याकडे.

गेल्या मंगळवारी माझ्या दवाखान्यात एक निवृत्त पोस्टमन त्यांचा दहा वर्षांचा कुत्रा घेऊन आले. खाणं सुटलेलं, पोट एका बाजूला टणक. पोट तपासून झाल्यावर सवयीने माझा हात मागे गेला. नर पिल्लू पहिल्यांदा टेबलावर आलं की मी दात बघते, कान बघते, मग दोन्ही वृषणं खाली आहेत ना ते चाचपते आणि कार्डावर आकडा लिहिते. या कुत्रेआजोबांच्या पिशवीत एकच होतं. दुसरं जन्मभर पोटात राहिलेलं, आणि त्याचीच लिंबाएवढी गाठ झालेली.

ही भानगड मला कॉलेजपासून विलक्षण वाटत आली आहे. वृषणं तयार होतात पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. पण तिथे त्यांना उकडतं, म्हणून जन्माच्या आगेमागे ती हळूहळू खाली सरकत बाहेरच्या पिशवीत येतात. एवढा मोलाचा ऐवज निसर्गाने दाराबाहेर का ठेवला, यावर आम्ही मैत्रिणींनी कॅन्टीनमध्ये चहा थंड होईपर्यंत वाद घातलेत. कधी एखादं वाटेतच थांबतं. माणसाच्या बाळांतही, शंभर मुलग्यांत दोघा-चौघांचं. बऱ्याच जणांचं पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतं. नाही उतरलं, तर वर्ष-दीड वर्षाच्या आत छोटं ऑपरेशन करून खाली आणतात. वरच राहिलं, तर पुढे ऐन तारुण्यात त्यात कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी जास्त. मुळात हा आजार विरळाच, आणि वेळेवर सापडला तर जवळजवळ नेहमी बरा होतो. पण सापडायला कुणीतरी बघावं लागतं.

आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी शेपटी हलवली आणि माझा जीव भांड्यात पडला. पोस्टमनकाका त्यांच्या कानामागे खाजवत होते. मला म्हणाले, “डॉक्टर, लहानपणी कुणी बघितलं नव्हतं का याला?” राग नव्हता, नुसतं विचारलं. मी म्हटलं, नसेल बघितलं. मग बेसिनपाशी जाऊन, धुतलेलेच हात पुन्हा धुतले.

तू तीन महिन्यांचा असताना लस टोचायला नेलं, तेव्हा नर्सबाईंनी आईला सांगितलं होतं की तुझं डावं अजून वरच आहे. अजून तीन महिने बघा, अंघोळीच्या कोमट पाण्यात बघा, थंडीने ते वर चढतं. तोवर आलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. आईची बाटल्यांच्या कारखान्यात सकाळची पाळी, बाबांना असलं काही विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. त्यामुळे तुझी अंघोळ माझ्याकडे होती आणि हे बघायचं कामही. मी साडेदहा वर्षांची. आई रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायची, आलं का गं? मी म्हणायची, अजून नाही. मुंग्यांच्या वारुळात, मेलेल्या माशाच्या पोटात, शेजाऱ्यांच्या भांडणात, सगळीकडे नाक खुपसणारी मी, तिथे मात्र साबण लावताना नळाकडे बघायची. लाज वाटायची रे. एकदाही बघितलं नाही.

तीन महिने सरले आणि आई म्हणाली, गुरुवारी सुट्टी घेऊन याला हॉस्पिटलात नेते. तिला महिन्यातून एकच सुट्टी मिळायची आणि ती माझी होती. त्याच गुरुवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, काचेच्या पेटीतल्या माझ्या मुंग्या बघायला ती येणार होती. मी म्हटलं, “आई, आलं खाली. दोन आहेत.” तिने मला जवळ घेतलं, माझी हुशार पोरगी म्हणाली. गुरुवारी ती तुला कडेवर घेऊन शाळेत आली. मुंग्यांना दुसरा नंबर मिळाला. पुढे कॉलेजात हा धडा आला, तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण उतरलं असेल एव्हाना, अशी मी स्वतःची समजूत घातली. मला माफ कर, ढब्बू. कदाचित ते खरंच केव्हाच उतरलं असेल. कदाचित तुला एकच असेल आणि तू कुणाला बोलला नसशील. आज गरम पाण्याने अंघोळ कर आणि सावकाश चाचपून बघ. एकच असलं, किंवा कुठे टणक गाठ लागली, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. म्हणशील तर मी सोबत येते. मला मोठं पत्र नको, रागवायचं असेल तर तेही नंतर. कार्डावर फक्त आकडा लिहून पाठव. न बघता मात्र लिहू नकोस. ते मी एकदा केलंय.

तुझीच,
उशिरा नाक खुपसणारी ताई