उकळलेले शंख

११ जानेवारी, रविवार
कर्द्याहून परत. लेकाच्या, पुष्करच्या गाडीत सगळीकडे वाळू! स्पृहानं किनाऱ्यावर वेचलेले शंख माझ्याकडेच ठेवलेत. वारज्याला त्यांच्याकडे टँकर, कोथरूडला माझ्या नळाला पाणी — म्हणून नातीची असली धुणी आजीकडे. "उकळून स्वच्छ करून देते," असं गाडीतच कबूल केलंय.

१२ जानेवारी
पातेल्यात सोडा टाकून वीस मिनिटं उकळले. आई असंच करायची. मग वास सुटला. एका शंखातून तांबूस नांगी लोंबत होती.

एकेक तपासला. नऊ शंख, त्यातल्या तिनांत खेकडे. मेलेल्या समुद्री गोगलगाईच्या शंखात हे राहतात, कारण पोट मऊ. भीती वाटली की आत शिरायचं आणि नांगीनं दार बंद. मला ठाऊक होतं! पेपरातल्या मुलांच्या पानावर मीच लिहिलंय, तीन वर्षांपूर्वी. आम्हाला घाबरून आत बसले, आणि मी रिकामे समजले.

तुळशीच्या शेजारच्या कुंडीत पुरले.

१३ जानेवारी
स्पृहाचा फोन. "आतून काही निघालं का गं?"
"वाळू," म्हणाले.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घ्यायला आली. शंख उलटेपालटे करून पाहिले, एकही नेला नाही. "राहू देत तुझ्याकडेच." पुष्कर वैतागला — "मग पिशवीभर आणलेस कशाला?"

तिनं शंख पुन्हा पिशवीत भरले. मी पिशवी कपाटात ठेवली.

१५ जानेवारी, गुरुवार
मजकूर द्यायचा वार. पतंगांवर लिहायचं ठरलं होतं. ते सोडलं आणि पहिलंच वाक्य लिहिलं — मी तीन खेकडे मारले, आणि नातीला वाळू निघाली म्हणून सांगितलं.

रविवारची पुरवणी बघणाऱ्या सलिलचा लगेच फोन. "मॅडम, मुलांच्या पानावर तीन मृत्यू? शेवट जरा गोड करा ना, संक्रांत आहे."
"ती काल झाली."

एक शब्द कापू दिला नाही. स्पृहा माझी कात्रणं वर्गात लावते. हे लावणार नाही. पुन्हा माझं काही खरं मानेल का, तेही माहीत नाही.

१८ जानेवारी, रविवार
गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी आठालाच बेल. दारात स्पृहा, छातीशी भोकं पाडलेला डबा. आत ओली वाळू, खोबऱ्याचा तुकडा, आणि चालणारा एक शंख!

"हा एकच हलताना दिसला होता. तू उकळशील म्हणून लपवला. आज वाचलं — म्हणून दाखवते."

पुष्कर म्हणतोय, गाडी कालच धुतली होती. कर्द्याच्या वाटेवरचा ताम्हिणी घाट मागे पडला. डबा तिनं माझ्या मांडीवर दिलाय.