मोरीनबाईंची धून

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच आहे. इथे आखातात, एगैला भागातल्या हॉलवर आयरिश नाचाची तालीम होती, व्हायोलिनवर मी. हा आयर्लंडचा शॉन इथल्या रिफायनरीत येऊन दोन महिने झाले नाहीत, आणि सगळ्यांसमोर मला म्हणतो, "तू सूर घसरवतोस. ते इंडियन झालं. आमची धून अशी नाही." आमची म्हणे!

मोरीनबाई आयर्लंडच्या, इथल्याच जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. समोर बसवून त्यांनी एकेक धून माझ्या कानात घातली. कागद नाही, काही नाही. तिसऱ्या सुरावर घसरत यायचं, ही त्यांच्या गावची रीत. मी नाशिकचा असलो तरी ते घसरणं त्यांचं आहे. त्या गेल्या वर्षी वारल्या. आता साक्षीला कुणाला आणू?

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं. म्हटलं, "मग तूच वाजव." त्याने स्वतःच्या व्हायोलिनवर, नोटेशनच्या पुस्तकात बघून ती धून वाजवली. दुसऱ्याच फेरीत नाचणाऱ्या आयरिश मुलींचेच पाय अडखळले. मोरीनबाईंनी त्यांची पावलं त्या घसरत्या सुरावरच बसवली होती ना! मला बरं वाटलं. वाटायला नको होतं का? पण वाटलं.

निघताना शॉन फोन पुढे करून म्हणाला, "एकदा वाजव ना, रेकॉर्ड करून घेतो."

"रेकॉर्ड नाही. शिकायची असेल तर पुढच्या शुक्रवारी घरी ये. पुस्तक आणू नकोस."

मान खाली घालून "येतो" म्हणाला. आला तर चहासुद्धा विचारणार नाही. धून मात्र पुरी शिकवीन.