अर्धा ठेका उशिरा ओरडणारा बोकड

तोल्मिन, ९ सप्टेंबर

आदरणीय ग्रेगोरदादा,

धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे, वहिनींचा खोकला गेला का आणि तुझ्या मधमाश्यांनी यंदा किती मध दिला, हे आधी कळव. इकडे मी बरा आहे. (बरा नाही. पण पत्राची सुरुवात रीतसर असावी.)

एप्रिलमध्ये तुला बँडमधून काढताना मी तुझ्या चौदा चुका क्रमांक घालून लिहून दिल्या होत्या. नववी आठवत असेल: तू रचलेल्या बोकडाच्या गाण्यात तुझं 'बें' दर वेळी अर्धा ठेका उशिरा येतं. मी अकॉर्डियन तीन पुस्तकांवरून शिकलेला माणूस. (तिसऱ्याची शेवटची बारा पानं नव्हती, ती माझी मी रचली.) चुकलेला ठेका मला दाताखालच्या खड्यासारखा लागतो. तर तू गेलास आणि मी माझा नदीवरचा अकरा मिनिटांचा वॉल्ट्झ घेऊन परदेशी निघालो. ऑस्ट्रियात, फिलाखला, चौथ्या मिनिटाला लोक सॉसेजकडे वळले आणि सातव्याला माझ्या अकॉर्डियनचा पट्टा तुटला. मी तो शिवेपर्यंत वेळ काढायला म्हणून आपल्या ड्रमवाल्या त्सेनेने तुझा बोकड सुरू केला. आपल्या भाषेचं अक्षरही न कळणारी माणसं बाकांवर चढून बेंबाटायला लागली. इटलीत, उदीनेलाही तेच. त्सेने म्हणाला, "मास्तर, वॉल्ट्झ ठेवा पेटीत. बोकड कुठे बांधायचा तेवढं सांगा."

पण त्सेनेला तुझीच सवय, त्याचंही 'बें' उशिरा. म्हणून हंगेरीत, सोम्बतहेला, ते काम मी स्वतःकडे घेतलं. आठ दिवस आरशासमोर ठेका मोजणारा मेट्रोनोम लावून सराव केला होता. नेमक्या ठेक्यावर ओरडलो. हॉल भरलेला होता आणि एकही माणूस हसला नाही. नंतर सूप वाढणाऱ्या म्हातारीने (तिला आपली भाषा थोडी येते) वाडगा पुढे करत म्हटलं, "बोकड छान आहे हो तुमचा. पण शाळेत गेलेला वाटतो."

घरी येऊन तुझी जुनी टेप स्टॉपवॉच घेऊन ऐकली. उशीर कधी अर्धा ठेका, कधी पाऊण. तेवढ्या वेळात सगळी सभा श्वास धरून तुझी वाट बघत असते. एकोणीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसून ती शांतता चूक म्हणून मोजली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
त्सिरिल

ता. क. याचा अर्थ तू परत यावंस असा नाही. नववी चूक तेवढी खोडावी. बाकी तेरा कायम.

ता. क. २. अकरावीही खोड (माझ्या वॉल्ट्झमध्ये जांभई देणे). ती मला फिलाखला पटली.

ता. क. ३. शनिवारी इटलीत, त्रिएस्तला बोलावणं आहे, बोकडासाठीच. गाडी चर्चपासून बरोबर सातला निघेल. तू उशिरा येशीलच, म्हणून बाकीच्यांना मी आठची वेळ दिली आहे.