नऊशे चाळीस ग्रॅमची खुर्ची

पुणे, ५ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
प्रज्ञाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन कपाटातून बाहेर येत नाही, म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात मी आणि सम्राटदादा तुम्हाला भंडारदऱ्याला नेणार आहोत. तरुणपणी मोजणीच्या कामावर तुम्ही तो सगळा डोंगर पायाखाली घातलात, पण नंतर एकदाही फिरकला नाहीत. पाण्याकाठी तंबूत मुक्काम करू. गुडघ्यांमुळे तुम्हाला खाली बसता येत नाही, त्याचीही सोय केली आहे.

दोन घडीच्या खुर्च्या पाठवल्या आहेत. छोटी हलकी आहे, पण बुटकी; तिच्यातून उठणं जड जाईल. मोठी उंच, हातांची, तीन किलोंची. माझं मत मोठीला. गाडीरस्त्यापासून अर्धा तास चालायचं आहे, पण ती दादा पाठीवर नेईल. दोन्हींत बसून बघा. नको असलेली पंधरा दिवसांत परत करता येते.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. माया आहेच, ओरडून दाखवलीत तरी चालेल.

तुमची नात,
प्रज्ञा

केडगाव, ११ जानेवारी

चि. प्रज्ञास,
रंभाजीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडलं आणि मी हबकलोच. मोठी खुर्ची निदान खुर्चीसारखी दिसत होती. छोट्या पिशवीतून निघालं एक फडकं आणि काठ्यांचा जुडगा! सोडला तर काठ्या आपोआप फटाफट एकमेकींत शिरल्या. दचकून मी मागे सरलो. पोरीला कुणीतरी फसवलं म्हटलं, आणि काठ्या वालाच्या वेलाला लावून टाकल्या. तुझी आई कपाळावर हात मारत बाहेर आली आणि म्हणाली, तीच खुर्ची हाय.

अंगदच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली. नऊशे चाळीस ग्रॅम! काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा ठेवायला लावली. तेवढीच भरली.

घरी येऊन तुझं पत्र परत वाचलं. माझी खुर्ची सम्राट पाठीवर नेणार, हे मला सहन झालं नाही. मी येत नाही. दोन्ही परत कर. कारण विचारू नकोस.

जीव लावून आहेस, तशीच राहा.

तुझा आजोबा,
रंभाजी

पुणे, १४ जानेवारी

ती. आजोबांस,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून धक्काच बसला. अंगदच्या काट्यापर्यंत हसत होते आणि पुढे ‘मी येत नाही’ वाचलं. दादा खुशीने नेणार आहे, कुणी त्याच्यावर लादलेलं नाही. माझं काय चुकलं? कारण विचारू नकोस म्हणता, पण मी विचारणारच. तुम्हीच शिकवलंय.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

प्रज्ञा

केडगाव, १८ जानेवारी

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलेलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. मोजणीच्या साहेबांची खुर्ची डोंगरावर न्यायचं काम माझ्याकडे. सागवानी, वेताच्या बैठकीची, दहा-अकरा किलोंची. रोज डोक्यावर वर, रोज डोक्यावर खाली. एका दुपारी साहेब पुढे गेले होते, माझे पाय लटलट कापत होते, म्हणून घटकाभर तिच्यात टेकलो. तेवढ्यात साहेब परतले. मारलं नाही, शिवी दिली नाही. खुर्ची ओढ्यावर धुऊन आण म्हणाले.

मीच धुतली, पोरी. आणि ओल्या वेताची ती खुर्ची मीच डोक्यावर घेऊन खाली आलो. माझ्या डोक्यावर ती चालत होती, माझ्या खाली चालली नाही. तेव्हापासून तो डोंगर मी बघितला नाही. आता माझ्यासाठी माझा नातू खुर्ची वाहणार, हे वाचलं आणि अंगावर काटा आला.

तुझं पत्र आल्यावर छोटी खुर्ची अंगणात मांडली आणि बसलो. उठताना तुझ्या आईला मला हाताला धरून ओढावं लागलं. मग पिशवीत भरली, खांद्याला अडकवली आणि पुणे रस्त्यापर्यंत जाऊन आलो. दम लागला नाही. माझाच विश्वास बसेना.

मोठी परत कर. मी येतो.

तुम्हा दोघांवर जीव आहे, तो असाच राहील.

तुझा आजोबा,
रंभाजी

ता. क. उठताना सम्राटनं हात द्यावा. खुर्ची माझी मी नेईन.