थिनरने पुसलेलं नाव

९ जानेवारी, गुरु.
पार्सल आलं. बुडबुड्यांच्या कागदात दोन चिप. बावड्याच्या शिर्के आबांचा जुना सीडी प्लेअर आहे, त्यातली जळाली म्हणून मागवल्या. सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करते ती हीच. कंपनीने बनवणं कधीच बंद केलंय. तरी ऑनलाइन लिहिलेलं, 'जुना साठा, कोरा माल'. इतका जुना साठा, मग पाय एवढे चकचकीत कसे?
तात्या म्हणाले, "स्थळ बघायला आल्यागत न्याहाळतीस काय. लाव की." दुकान त्यांचं, घाईही त्यांची.
लावली नाही. दुरुस्त मशीनच्या झाकणाला आम्ही आतून चिठ्ठी चिकटवतो. काय बदललं, अस्सल की पर्यायी, आणि खाली बसवणाऱ्याची सही. दिवाळीपासून ती सही माझी असते. आमच्या घरात बाकी सगळ्यांचा अंगठा.

१० जाने., शुक्र.
भिंगाखाली पाहिल्या. दोन्हींवर एकच बॅच नंबर. पण उलट्या केल्या तर एकीच्या पोटाला गोल खळगा, दुसरीचं पोट गुळगुळीत. एका साच्यातल्या बहिणी अशा कशा? खळगेवालीची वरची खाच रंगाने बुजल्यासारखी वाटते, जुनं नाव झाकायला वरून रंगवल्यागत.
विकणाऱ्याला विचारलं. उत्तर हिंदीत: माल एक नंबर है मॅडम, बिनधास्त लगाओ.
बिनधास्त म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

१३ जाने., सोम.
कापसाला थिनर लावून खळगेवालीवर फिरवला. अक्षरं गेली! कापूस मळकट पांढरा. खरी छपाई अशी निघत नाही म्हणतात. सापडला चोर. पुसलेल्या चिपचा फोटो लावून साइटवर तक्रार टाकली. शब्द 'नकली' असाच वापरला.
तात्या: "आता पोलिसात जा, पंचनामा कर."
मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी गुळगुळीत पोटाची आबांच्या मशीनमध्ये बसवूनही टाकली. वाजते. तंबोऱ्याचा सूर विरताना शेवटी बारीक खरखर येते. की मला संशय आहे म्हणून येते? तात्यांना ऐकू येत नाही.
चिठ्ठी कोरी ठेवली.

१४ जाने., मंगळ. बावडा.
संक्रांतीला घरी. आबांच्या डाळिंबाच्या बागेवरून गेले, तिळगूळ दिला. त्यांनी हात धरून बसवलं.
"मशीन कुटवर आलं?"
"वाजतंय आबा. खात्री करते अन् मग देते."
"कर बाई. माझी पाण्याची मोटर भरायला दिलती, आतलं तांबं काडून अॅल्युमिनियम भरलं त्या भाड्या मोटरवाल्यानं. तवापास्नं मी शेजारी बसल्याबिगर कुणाला मोटर उघडू देत न्हाय. तू बबनची लेक, म्हणून सोडून आलो." मग, "जळकी चिप मातर माघारी पायजे हां."
म्हटलं, देणारच. आमच्या दुकानाचा नियमच तो. जुना भाग गिऱ्हाइकाचा, पाकिटात घालून मशीनबरोबर परत.

१६ जाने., गुरु.
विकणाऱ्याचं लांबलचक उत्तर. म्हणे, त्या काळात छपाई शाईची होती, थिनरने खऱ्या चिपचीही जाते. तुमच्याकडे खरी असेल तर तीच पुसून बघा.
थापा, असंच वाटलं. पण वाटणं आणि माहीत असणं... आणि 'नकली' मी सगळ्या जगासमोर लिहिलंय.
खरी एकच होती. आबांची, कारखान्यातून बसून आलेली. पाकिटातून काढली. फक्त कोपऱ्यातलं एक अक्षर पुसायचं ठरवलं होतं. थिनर पसरला. घाईने टिपायला गेले तर सगळंच फडक्यावर आलं.
कोरी. काळी. आधी फोटोसुद्धा काढला नव्हता. मी!

१७ जाने., शुक्र.
म्हणजे थिनरने काहीच सिद्ध होत नाही. तक्रार मागे घेऊ? पण खळगा तर आहेच ना. आबांच्या चिपचं पोट गुळगुळीत. बसवलेलीचंही. मग ती खरी असेल. किंवा नक्कल करणारा हुशार असेल.
आणि आबांना काय दाखवू? तांबं काढून घेणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय दिसणार त्यांना?
तात्यांना सांगितलं. त्यांनी ड्रॉवर उघडला. "हितं तसलीच मेलेली एक पडलीय, नाव दिसतंय. घाल पाकिटात. आबाला काय सपान पडणाराय?"
"तात्या, जुना भाग गिऱ्हाइकाचा असतो ना? मग ही कुणाची?"
"एकानं नेलीच न्हाय." आणि ड्रॉवर लोटून देत, "लई शिकलीस तू."
तो 'एक' कोण, ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

१९ जाने., रवि. बावडा.
आईला सगळं सांगितलं. ती शेळ्यांना पाला टाकत होती. "कानातला बिल्ला पडला म्हणून शेळी बदलती व्हय गं?"
"शेळी तू ओळखतेस आई. आबा चिप ओळखत नाहीत."
"मग तुला तरी वळखत असत्याल की."
तेच तर. वडील म्हणाले, आबांना मी सांगू का. नको म्हटलं. त्यांनी रदबदली केली तर आबा मान्य करतील, पण ते बापाकडे बघून.

२१ जाने., मंगळ.
सकाळी साइटवरची तक्रार दुरुस्त केली. 'नकली' काढून 'पोटावरच्या खुणा वेगळ्या, खात्री देता येत नाही' असं केलं. चिठ्ठीवर 'अस्सल'च्या जागी 'सांगता येत नाही' लिहिलं. सही केली. तात्यांनी वाचलं. "असली चिठ्ठी लावून दुकान चालतं का, सुवर्णा?" मी चिठ्ठी मशीनवर ठेवली.
दुपारी आबा आले. मशीन सुरू करायच्या आधीच सगळं सांगितलं. थिनर, फडकं, सगळं. ड्रॉवरचं सोडून.
त्यांनी कोरी चिप तळहातावर घेतली. उलटी केली. सुलटी केली.
"मोटरवाला बी असंच म्हनला व्हता. 'आबा, तांबं जळून काळं पडलंय.'"
"आबा, ही तुमचीच आहे."
"आसंल. मी कुटं न्हाय म्हनतोय?"
त्यांची सीडी लावली. डोळे मिटून ऐकलं, शेवटचा सूर विरेपर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही कळलं नाही. खरखर ऐकू आली का, ते विचारायची हिंमत झाली नाही.
मग त्यांनी चिठ्ठी मला वाचून दाखवायला सांगितली. वाचली. सहीसकट.
"पुण्याला भाच्याचा दोस्त हाय, ह्यातलाच. त्याला दावतो." कोरी चिप रुमालात बांधली. तात्यांनी मशीन उचलून द्यायला हात घातला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच." दारात थांबले. "त्यो म्हनला ही चिप माझीच हाय, तर मशीन न्यायला ईन."
"आणि नाही म्हणाला तर?"
चपला घालत होते. ऐकू गेलं नसेल, किंवा गेलंही असेल. मशीन चिठ्ठीसकट माझ्या टेबलावरच आहे.