दोनशे वाक्यांचा पासवर्ड

३ सप्टेंबर

नाही घेत! कॉम्प्युटरवर सकाळपासून अठरा वेळा टाकला. पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा. काय डोंबल प्रयत्न करू? ऑफिसातल्या माझ्या पहिल्या टाइपरायटरवरचा नंबर, पुढे लेकीचं लाडाचं नाव — दोन वर्षं हाच आहे. बोटं आपोआप जातात. तीस वर्षं टायपिस्ट होते, न बघता पानंच्या पानं काढली, आणि आता दहा अक्षरं जमेनात.

मास्तरांचा, आमच्या ह्यांचा, आवाज आहे त्यात.

परवा ऑपरेशन झालं. घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता हे कधी बोलणार नाहीत. शाळेत कवायत घ्यायचे — 'सावधान' म्हटलं की मैदानापलीकडच्या दुकानातली गिऱ्हाइकं ताठ व्हायची. ऑपरेशनआधी हॉस्पिटलातल्या आवाजाच्या बाई म्हणाल्या, घरी दोनशे वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. त्यावरून एका यंत्रासाठी आवाज तयार होतो. त्यात टाइप केलं की यंत्र मास्तरांच्याच आवाजात बोलणार. वाक्यं मी लिहून दिली. पाच दिवस मास्तर दार लावून आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले.

यंत्रवाला महिन्यातून एकदाच येतो. बारा तारखेला. तोवर रेकॉर्डिंगच्या फायली बाईंना द्यायच्यात.

४ सप्टेंबर

भेटायच्या वेळेत जाऊन आले. नळ्या, मानेला पट्टी. हातात एक पांढरी पाटी दिलीय, तिच्यावर लिहितात. पहिलाच प्रश्न — घरी सगळं ठीक? मी हो म्हटलं, आणि कुणी विचारलं नसताना बोलून गेले, "फायली दिल्या हं बाईंना."

मास्तर बघतच राहिले. मग लिहिलं — सगळ्या?

"दोनशेच्या दोनशे. बाई म्हणाल्या, काय खणखणीत आवाज आहे!"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दमले असतील.

५ सप्टेंबर

कॅप्स लॉक पाहिला. समोरच्यांचा कीबोर्ड आणून लावला. तेच.

६ सप्टेंबर

शेवटी जावयांना फोन केला. कॉम्प्युटर त्यांनीच दिलेला, विंडोजऐवजी लिनक्स घालून — व्हायरसची कटकट नाही म्हणून. "आई, घाबरू नका. पासवर्ड विसरला तरी मागच्या दाराने आत जाता येतं."

फोन कानाला, बंद करून पुन्हा चालू केला, शिफ्ट दाबून धरलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. त्यात रिकव्हरी, मग रूट — रूट म्हणजे घरमालक, असं त्यांनी समजावलं. पासवर्ड बदलायचा हुकूम टाइप केला तर नकार. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी होती म्हणे. आणखी एक हुकूम. मग नवा पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. दोनदा टाकला. बदलला! मी फोनवरच रडले.

आत जायला गेले तर पडदा क्षणभर काळा, आणि मी परत दारातच. पाच वेळा. जावयांनी पडद्यावर काय दिसतं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "आई, तुम्हीच म्हणाला होतात ना, आमच्या फायलींना पक्कं कुलूप हवं? ते जुन्याच पासवर्डने उघडतं."

म्हणाले होते खरी. कोण चोर येणार होता माझ्या फायली न्यायला? कुलूप लागलं ते घरच्यांनाच.

"पण तेव्हा एक लांबलचक ओळ आली होती, लिहून ठेवा म्हटलं होतं मी. ती असली तरी काम होईल."

आहे की! कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. पळतच गेले.

चिकटपट्टीचे चार तुकडे आहेत. कागद नाही.

७ सप्टेंबर

गाद्या उलट्या केल्या. डबे, रद्दी, कोटांचे खिसे, सगळं पालथं घातलं. कागद मी काढल्याचं आठवत नाही. पण मी सोडून कोण काढणार? आठवत नाही, हेच तर दुखणं आहे.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा विसरायची, मग गॅस, मग मला. मी तेव्हा तिच्यावर चिडायचे. आज स्वयंपाकघरात उभी राहून लेकीचा फोन नंबर मोठ्याने म्हणून पाहिला. आला. पुन्हा म्हटला. मला माझीच भीती वाटतेय.

८ सप्टेंबर

शोधताना वाक्यांची छापील यादी तेवढी सापडली. मला पाणी हवं आहे. मला कूस बदलायची आहे. मला दुखतंय. कृपया डॉक्टरांना बोलवा. किती विचार करून लिहिली होती, काही सुटायला नको म्हणून!

रेकॉर्डिंगच्या आठवड्यात मास्तरांना पासवर्डची चिठ्ठी दिली होती. वाचा आणि फाडा, असं बजावूनही सांगितलं होतं. कवायतीचा माणूस — हुकूम म्हणजे हुकूम. फाडलीच असणार. त्यांना विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागेल. त्यापेक्षा मेलेलं बरं.

९ सप्टेंबर

आवाजाच्या बाईंनी व्हरांड्यात गाठलं. "काकू, फायली?" आज विसरले म्हटलं. विसरले म्हणायची आता लाजही वाटत नाही. बाई म्हणाल्या, नसतील तर यंत्रात आयता आवाज असतो, ऐका. बटण दाबलं. 'मला पाणी हवं आहे.' गुळगुळीत, बातम्या देणाऱ्यासारखा. हा कोण परका बुवा माझ्याकडे जन्मभर पाणी मागणार?

मास्तर हल्ली माझ्याकडे नीट बघत नाहीत. पाटी उचलतात, तशीच खाली ठेवतात.

१० सप्टेंबर

जावयांनी दिलेला हुकूम जुना पासवर्ड विचारतो. सुचेल ते टाकतेय, वहीत लिहून खोडतेय. एकशे बारा झाले. लग्नाची तारीख, शाळेचं नाव, आईचं माहेरचं नाव. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळं पुसून तासाभरात नवं करून देतो." हात जोडून बाहेर आले.

सत्तेचाळीस वर्षांत त्या आवाजाला किती वेळा म्हटलं असेल — अहो, हळू बोला, शेजारी ऐकतायत.

११ सप्टेंबर

उद्या यंत्रवाला. आज सांगणार. काय व्हायचं ते होवो.

११ सप्टेंबर, संध्याकाळ

सांगितलं. फायली दिल्याच नाहीत, पासवर्ड विसरले, कागद हरवला, तुमचा आवाज मी घालवला.

मास्तर लिहीत राहिले, पुसत राहिले. तू विसरली नाहीस. पासवर्ड मी बदलला. कागदही मीच काढला. पाटी भरली, पुसली. आत काही नाही. पाच दिवस नुसता बसून होतो. 'मला कूस बदलायची आहे' — हे माझ्या आवाजात? नाही जमलं गं. ऑपरेशनआधी तुला कळायला नको होतं.

म्हणजे त्या दिवशी मी थाप मारत होते, तेव्हा यांना सगळं ठाऊक होतं.

त्यांनी पाटी पुन्हा पुसली. लिहिलं — खणखणीत म्हणे!

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, आवाजच नाही, मला कळेना.