उन्हातली खुर्ची

कुसगाव, १९ ऑक्टोबर २०२४

फरदीन, सलाम.

आज दिवसभर लख्ख ऊन होतं. तरी कपडे घरातच वाळत घातले, गच्चीवर गेले नाही. दुपारी पुण्याहून डॉक्टरबाईंचा फोन आला. व्हिटॅमिन डी घेतल्यावर एमएसच्या, म्हणजे सानियाच्या त्या मज्जासंस्थेच्या आजाराच्या, पेशंटची जनुकं वेगळी वागतात का, हे त्या तपासतायत. दर रविवारी दुधातून घ्यायच्या सहा महिन्यांच्या पुड्या संपत आल्या असतील, आता सानियाचं दुसऱ्यांदा रक्त हवं, म्हणाल्या. मी सांगितलं, माझी बहीण दोन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडून गेली. तू तिचा नवरा, तुलाही हेच सांगितलंय.

ते खोटं आहे.

चार महिने इथे धुक्यात सूर्य दिसला नव्हता. ती गेली त्या रविवारी ऊन पडलं आणि मला वाटलं, पुडीपेक्षा हे खरं. मी तिला धरून गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं.

"आपा, मी काय पापड आहे, वाळत घालायला?" ती हसत होती.

या आजारात उष्णतेने पायांतलं बळ जातं, हे डॉक्टरबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. तरी तासभर तिला तिथे ठेवून मी खाली स्वयंपाक करत होते. तिने हाक मारली, "आपा, पाय उचलत नाहीत गं."

"आले, भाकरी तव्यावर आहे."

ती एकटीच निघाली आणि जिन्यावरून कोसळली.

भाकरी मी करपू दिली नाही, फरदीन.

आणि तू दोह्याहून म्हणतोस, "आपा, तुम्ही होतात म्हणून मी निश्चिंत होतो." हे पत्र टाकायची माझी हिंमत नाही.

त्या रविवारची पुडी तशीच राहिलीय. दूध तापवलंय. त्यात घालून मीच पिते.

शमीम आपा